खांबातले मुंगळे आणि ओलाव्याचा रकाना

फोनवर कोणी मुंगळे म्हणत नाही. "उधई लागली, लवकर या," असेच म्हणतात. आमच्याकडे वाळवीला उधई म्हणतात, आणि लाकूड आतून पोखरणारे जे काही असेल ते उधईच, असे लोक धरून चालतात. जागेवर गेल्यावर एखाद्या घरी उधई नसते, मुंगळे असतात. तसे सांगितले की घरातल्यांचे चेहरे उजळतात. "मुंगळेच होय का? मंग काय टेंशन नाई." लगेच चहा येतो. त्या चहाचा मला पुढे पुढे कंटाळा येऊ लागला, कारण कप खाली ठेवण्याच्या आत मला त्यांचा आनंद कमी करावा लागे.

वर्धा जिल्ह्यात घरोघरी फिरून मी कीड नियंत्रणाचे काम केले. त्याआधी काही वर्षे एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात बातम्या लिहीत होतो. दोन्ही कामांत लोक एक सांगतात आणि जागेवर दुसरेच असते. यंदा गुडघ्यांनी नकार दिला आणि काम थांबवले. थांबवताना फार वाईट वाटले नाही. दमलो होतो.

आधी मुंगळ्यांविषयी. वाळवी लाकूड खाते. मुंगळा लाकूड खात नाही, त्यात घर करतो. कोरडे, निरोगी लाकूड त्याला जड जाते. ओलीने मऊ पडलेले लाकूड तो जबड्याने कोरतो आणि निघालेला भुसा बाहेर आणून टाकतो. वाळवीच्या वाटेत माती असते. मुंगळ्याने कोरलेली पोकळी स्वच्छ असते, पॉलिश पेपर मारल्यासारखी गुळगुळीत. भुसा हातावर घेऊन नीट पाहिला तर त्यात किड्यांचे पाय, पंखांचे तुकडे आणि मेलेल्या मुंगळ्यांची डोकी सापडतात. वाळवीने पोखरलेल्या लाकडाखाली असे काही मिळत नाही.

पावसाच्या तोंडी दोघांचेही पंखवाले किडे दिव्याभोवती जमतात आणि तेव्हा गल्लत होते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड, मिशा सरळ. मुंगळ्याची कंबर बारीक, मिशा कोपरातून वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब. एवढे लक्षात राहिले तर तपासणीचे निम्मे काम घरच्या घरी होते.

दुसरी गोष्ट, रांगेवर फवारा मारू नये. दुकानातून डबा आणून लोक तेच करतात. रांगेतले मरतात, घरटे तसेच राहते, आणि कधी कधी शेजारच्या चौकटीत हलते. मी दिवेलागणीला गुळाच्या पाण्याचे चार थेंब जमिनीवर ठेवायचो आणि खुर्ची घेऊन बसायचो. पोट भरून मुंगळे कुठे परततात ते पाहायचे. ग्राहकांना हे काम वाटत नसे. पुलगावच्या एका घरी म्हातारबुवा तासभर माझ्यासमोर बसून होते. शेवटी मुलाला म्हणाले, "याईले मजुरी कायची द्यायची? बसून तं मीबी राह्यलो."

वाट कळली की स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने लाकूड ठोकायचे. पोकळ जागी आवाज बदलतो, आणि कान लावला तर आत खसखस ऐकू येते. तिथे बारीक छिद्र पाडून औषधाची भुकटी सोडायची, वाटेवर गुळात कालवलेले बोरिक ठेवायचे. हे सगळे सोपे आहे. शेवटचा भाग अवघड, कारण तो कोणालाच नको असतो. पाणी कुठून येते ते शोधायचे. ओल थांबली नाही तर मुंगळे परत येतात. नाही आले तरी लाकूड कुजत राहते. माझ्या तपासणीच्या कागदावर त्यासाठी वेगळा रकाना होता. ओलाव्याचा स्रोत.

आर्वीला एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी हा रकाना पाच मिनिटांत भरला. घरच्या बाई रोज सकाळी स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी मुंगळ्यांना पीठसाखर घालत. सासूने सुरू केलेले, त्यांनी चालवलेले. पुण्य म्हणून. चौकटीची दुसरी बाजू न्हाणीच्या भिंतीला लागून होती आणि नळ ठिबकत होता. म्हणजे जेवणाची आणि राहण्याची, दोन्ही सोयी एकाच ठिकाणी.

"आमच्याकडे जीव मारत नाही भाऊसाहेब," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्यांना फक्त बाहेर काढा."

"आधी नोटीस देऊन पाहतो," मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत. मान हलवली.

नळ दुरुस्त करायला लावला. पीठसाखर अंगणापलीकडच्या कडुलिंबाखाली घालायला सांगितली. आठवड्याने सुताराने चौकट काढली, ती बाईंनी दोन माणसांकरवी त्याच झाडाखाली नेऊन ठेवली, आतल्या मुंगळ्यांसकट. त्या घरी मला औषधाची बाटली उघडावी लागली नाही. त्यांनी पीठ कुठे घालतो, नळ कधीपासून गळतो, सगळे न विचारता सांगितले होते. अल्लीपूरच्या घरी तसे झाले नाही. त्या घराबद्दल मी आजवर कुठे लिहिले नाही, बोललोही नाही.

अल्लीपूरचे देवरावभाऊ कपाशीचे शेतकरी, खाऊनपिऊन सुखी. पुढे स्लॅबचे घर, मागे कवेलूची, म्हणजे कौलांची, एक लांब खोली. खोलीच्या मधोमध लाकडी खांब, आणि त्यावर मयाल, म्हणजे छप्पर पेलणारी आडवी तुळई. खांब सागाचा नव्हता. जुन्या घरातून काढलेला जंगली लाकडाचा होता. दिवाळीनंतर या खोलीत कापूस भरायचा, चांगल्या भावाची वाट पाहत टप्प्याटप्प्याने विकायचा. होळीच्या सुमारास खोली रिकामी झाली की तिथे देवरावभाऊंच्या पत्नीचा, सुमनवहिनींचा शिवणवर्ग बसे. गावातल्या सहासात बायका शिकायला येत. दोघीतिघींनी पुढे स्वतःच्या मशिनी घेतल्या होत्या.

फोन वहिनींनी केला होता. माघ महिना होता. मी पोहोचलो तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट खोलीची सांगितली, भुशाची नंतर.

"चार महिने कापसाची, आठ महिने माह्यी. दोन वर्सं भांडून घेतली ही खोली. याईचं म्हननं, वर्ग वसरीत घे. वसरीत घेतला की पाव्हना आला का उठा, चहा ठेवा. इथं दार लावलं का कोनी हाक नाई मारत." मग खांबाकडे बोट दाखवले. "आता हे काय निंगून राह्यलं ते पाहा. काल झाडलं, आज पुन्हा मूठभर. खांब पडन तं नाई ना? बाया याच खांबाले टेकून बसतात."

खांबाच्या एका बाजूचा कापूस विकून झाला होता, दुसऱ्या बाजूला ढीग मयालीपर्यंत गेलेला. बुडाशी भुसा होता. त्यात मुंगळ्याची दोन डोकी आणि झुरळाचा पाय मिळाला. मुठीने ठोकले तर गुडघ्याच्या उंचीपर्यंत खांब पोकळ वाजला. स्क्रूड्रायव्हर सहज दोन बोटे आत गेला आणि बाहेर आला तेव्हा ओला होता.

पाऊस थांबून तीन महिने झाले होते. खोलीत नळ नव्हता, न्हाणी नव्हती, पाठीमागे शेजाऱ्याची गटार नव्हती. कवेलू मी शिडी लावून पाहिले. दोन तुटके होते, तेही खांबापासून लांब, आणि त्यांच्याखालच्या भिंतीवर पाण्याचा डाग नव्हता.

"पानी?" देवरावभाऊ म्हणाले. "कापसाच्या खोलीत कोनी पानी आनते का जी? आपला कापूस एकदम कोरडा. साऱ्या गावाले विचारा. हिंगणघाटचा व्यापारी दुसऱ्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाह्यते. आपल्या दारात गाडी लावते, चहा पेते, भरून नेते."

ते खरे होते. गावात त्यांचा कापूस कोरडा म्हणून नाव होते.

ते बैलांना पाणी दाखवायला गेले. मी खोलीत एकटा राहिलो आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला फवारणीचा पंप दिसला. पाठीवर घेऊन मारायचा असतो तो. माझ्याकडे तसे दोन होते. शेतात औषध मारलेल्या पंपाचा वास कितीही धुतला तरी जात नाही, पट्टे डागाळतात, नळीच्या तोंडावर पांढरा थर बसतो. या पंपाचे पट्टे स्वच्छ होते. झाकण काढून वास घेतला. कशाचाच नव्हता. तळाशी वाटीभर पाणी होते, नितळ.

कापूस वजनावर विकला जातो. व्यापाऱ्याची गाडी यायच्या आदल्या दिवशी ढिगावर हलका फवारा मारला तर सकाळपर्यंत पाणी आत मुरते, हाताला लागत नाही आणि काट्यावर दिसते. सगळे करत नाहीत. करणारा कबूल करत नाही. त्या खोलीच्या फरशीला मधोमध उतार होता, आणि उताराच्या तळाशी खांब उभा होता.

मागे वहिनी उभ्या होत्या. मी झाकण लावले.

"वहिनी, हा पंप शेतात जात नाही."

त्यांनी पंप खिळ्यावर सरळ केला. मग म्हणाल्या, "वासानं समजलं?"

"वास नाही, म्हणून समजलं."

"भाऊ, कागदावर नका लिहू हे. कागद घरात राह्यते. आल्यागेल्याच्या हाती लागते. याईचं नाव हाय गावात."

"मग तुम्ही सांगा त्यांना."

"मी? मी बोलली का वर्ग संपला. म्हनतीन, खोली काय माह्यावर पहारा कराले घेतली का." दाराकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "तुमी सांगा. तोंडानं सांगा. तुमचं ऐकतीन."

मी हो म्हणालो. रकान्यात लिहिले, ‘छताची गळती, पावसाळ्यातील ओल.’ खाली दोन ओळी लिहिल्या. गळती थांबवावी. खांब बदलावा, तोवर मयालीला लोखंडी टेकू द्यावा. दैनिकात अशी बातमी मी दिली असती तर उपसंपादकाने विचारले असते, माघात कुठला पाऊस? या कागदाला उपसंपादक नव्हता.

निघताना गोठ्यापाशी देवरावभाऊ भेटले. मी म्हणालो, "भाऊ, कापसाला ओल लागू देऊ नका."

"ओल कुठून लागन?" ते म्हणाले. "कोरडा कापूस आपला."

त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिले. नजर हलली नाही. मी गाडीला किक मारली.

मुंगळे दोन फेऱ्यांत गेले. मुख्य घरटे परसातल्या बाभळीच्या खुंटात होते, खांबात त्याची शाखा. दोन्हीकडे औषध दिले. भुसा थांबला. खांबाच्या पोकळीत शेवटी भुकटी सोडली तेव्हा आतून खसखस आली नाही. ते काम मी चांगले केले, असे आजही म्हणेन.

रोहिणी नक्षत्र लागायच्या आधी देवरावभाऊंचा फोन आला. खुशीत होते.

"तुमच्या कागदावर होतं ना जी, गळती. पुरं छप्परच काढून टाकलं. टिनं टाकले. आता एक थेंब नाई येत."

"आणि खांब?"

"मुंगळे गेले ना? मंग खांबाले काय झालं? छताचाच खर्च लय झाला. पुढच्या साली पाहू."

"टेकू तरी द्या."

"देतो न जी."

सांगायची ती दुसरी वेळ होती. फोनवर तर समोर नजरही नव्हती. पाणी पंपाचे आहे, एवढेच वाक्य. छतावर इतका खर्च करून बसलेल्या माणसाला ते सांगायचे म्हणजे आधीचा कागद खोटा होता हेही सांगावे लागणार होते. मी पावसाची चौकशी केली आणि फोन ठेवला.

पुढच्या हंगामात खोली पुन्हा कापसाने भरली. मुंगळे आले नाहीत, त्यामुळे भुसा पडला नाही आणि कोणाचे खांबाकडे लक्ष गेले नाही. लाकूड मात्र कुजत होते. कुजायला मुंगळे लागत नाहीत, पाणी पुरते. दाबून भरलेल्या कापसाने पोकळ खांबाला चारी बाजूंनी आवळून धरले होते. फाल्गुनात एका सकाळी सगळा कापूस गाडीत भरून गेला. खोली रिकामी झाली. वहिनींनी तासाभरात झाडून घेतली आणि शिवणमशीन वसरीतून आत ढकलत आणली. मशीन नेहमीच्या जागी लावताना तिचा धक्का खांबाला लागला. खांबाचे बूड सरकले आणि मयालीचे एक टोक दोन टिनांसह खाली आले.

वहिनींनी डोक्यावर हात धरला म्हणून डोके वाचले. उजवे मनगट दोन ठिकाणी मोडले. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेले. हाडे जुळली, पण बोटांची पकड पूर्वीसारखी आली नाही.

मला हे महिन्याभराने हिंगणघाटच्या एका ग्राहकाकडून कळले. आठवडा मी नुसताच घालवला. मग अल्लीपूरला गेलो.

मागच्या खोलीत मयालीखाली आता लोखंडी पाइप उभा होता आणि दाराला कुलूप. वर्ग वसरीत बसला होता. वहिनी पाटावर, हात मांडीवर. शेजारी रेखा नावाची त्यांची विद्यार्थिनी, पुढ्यात ब्लाऊजचे कापड पसरलेले. खुर्च्यांवर गावातले तीनचार जण विचारपूस करायला आलेले. मला पाहताच देवरावभाऊ आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद घेऊन आले.

"आले ना, बरं झालं. याईच्यासमोरच पाहा," ते बसलेल्यांना म्हणाले. "हे याईचं अक्षर. छताची गळती. लिहेल हाय का नाई? मी छत नवीन केलं का नाई? आता लोकं म्हनतात, देवरावनं बायकोवर घर पाडलं. सांगा जी तुमी, माह्यी काय चूक?"

कागद हातोहात फिरला. एका म्हाताऱ्याने चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून वाचला. "गळतीच हाय," तो म्हणाला. "खांबाचंबी लिहेल हाय पन खाली."

"खांब छतानंच खराब झाला ना बाबा. छत केलं म्हंजे झालं," देवरावभाऊ म्हणाले. "का जी?"

"गळती नव्हती," मी म्हणालो. "तेव्हाही नव्हती. पाणी पंपाचं होतं. कापसावर मारायच्या."

म्हाताऱ्याने कागद घडी करून खुर्चीच्या दांडीवर ठेवला. देवरावभाऊंच्या मानेवरची शीर वर आली. मला वाटले, ते नाकारतील. त्यांनी नाकारले नाही.

"मालूम होतं?" ते म्हणाले. "मालूम होतं तं लिवलं काऊन नाई? मी छत कशाले केलं मंग? हं? लिवलं काऊन नाई?"

मी उत्तर जुळवत होतो. तुमचे नाव, तुमचा मान, असे काहीतरी. वहिनींचे नाव घ्यायचे नाही, एवढेच ठरले होते.

"मीच म्हटलं होतं याईले," वहिनी म्हणाल्या. "लिवू नका म्हून."

"खांबाचं तुले मालूम होतं?"

"पंप कोन भरून देत होतं तुमाले?"

देवरावभाऊ उभेच राहिले. पाहुण्यांपैकी एक जण उठला, चप्पल शोधू लागला. रेखा कात्री हातात धरून दोघांकडे पाहत होती. वहिनींनी डाव्या हाताने कापड आपल्याकडे ओढले, खडूच्या रेघेवर बोट टेकवले आणि ते हळूहळू शेवटापर्यंत नेले.

"काप," त्या रेखाला म्हणाल्या. "इथून सरळ. मी सांगन तवा थांबजो."